तूबा आत्याला नको कोण म्हणणार?

सूदाबेला भीती वाटायची ती दोनच गोष्टींची. एक, बाबांचा श्वास अडकेल ही. आणि दुसरी, आपल्यामुळे कुणाचं मन दुखेल ही. इतकी वर्षं या दोन्ही भीती जावाजावांसारख्या एका घरात नांदत होत्या, एकीनं दुसरीच्या वाटेला जायचं नाही असं जणू ठरलेलं. त्या वर्षी नवरोजच्या तोंडावर इराणच्या उत्तरेला रश्त शहरात साथ आली आणि दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, त्याही तिच्याच उंबऱ्यावर.

बाबा म्हणजे इस्कंदर. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चहाचं दुकान होतं. उभ्या बाजारात त्यांच्या चहाला तोड नव्हती आणि त्यांच्या आग्रहाला तर नव्हतीच. घाईत असलेलं गिऱ्हाईकही दोन पेले पोटात गेल्याशिवाय सुटायचं नाही. तरुणपणी ते लढाईवर गेले होते, तिथे विषारी वायू छातीत शिरला तो कायमचा मुक्कामाला राहिला. "मास्क होता गं तोंडावर," ते सांगायचे, "पण दाढीमुळे नीट बसेना. दाढी ठेवली देवासाठी, फटीतून शिरला सैतान!" आणि आपल्याच विनोदाला हसता हसता खोकायला लागायचे. त्यांचा खोकला घराच्या इतका अंगवळणी पडला होता की चार वर्षांची निली त्याच्या तालावर बाहुलीला थोपटून झोपवायची.

आई गेल्यापासून बाबा सूदाबेकडेच राहत होते. पलंगाशी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असायचं. तिचा नवरा बहमन ट्रक घेऊन दक्षिणेला बंदरावर गेला होता, तेवढ्यात इकडे गिलान प्रांताचे रस्ते बंद झाले आणि तो तिकडेच अडकला. रोज फोन करून विचारायचा, "निली काय करते? बाबा काय करतात?" तू काय करतेस, हे विचारायचा नाही. ती काय करत असेल ते त्याला ठाऊक होतं: घाबरत असेल.

छातीच्या डॉक्टरबाई तर फोनवर आडपडदा न ठेवता बोलल्या होत्या. "सूदाबे खानम, तुमच्या वडिलांना हा आजार झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. त्यांच्याजवळ बाहेरचं माणूस फिरकू द्यायचं नाही. कुणीही. कळलं?"

"हो डॉक्टर. तुमच्या हातांना दुखणं न येवो," सूदाबे म्हणाली. आभार मानायची ती रीतच होती, पण फोन ठेवल्यावर तिचे स्वतःचेच हात इतके कापत होते की चहाच्या समोवारची तोटी तिला बंद करता येईना.

दिवसातून दोनदा भोंगा लावलेली गाडी गल्लीतून जायची. घरात राहा, यंदा नवरोजच्या भेटीगाठी नकोत, पाहुणे बोलावू नका, पाहुणे म्हणून जाऊ नका. भोंगा सगळ्यांसाठी एकच होता, पण व्यक्ती तितक्या प्रकृती. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई दाराची कडीसुद्धा व्हिनेगरनं धुवायच्या, आणि आता शेवटी जगाला आपली शिस्त पटली म्हणून मनातून सुखावल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे हाजी म्हणायचे, कपाळी लिहिलंय ते मास्कनं पुसतं होय? आणि सूदाबे? तिला प्रत्येक नियम पटत होता. मास्तरीणबाईंपेक्षा जास्त पटत होता. ती भाज्या साबणानं धुवायची, निलीचे हात सोलवटेपर्यंत घासायची. पण नियम पाळणं म्हणजे शेवटी कुणाला तरी नको म्हणणं, आणि तिथे तिचं घोडं पेंड खायचं.

तिची धाकटी बहीण फरंगीस तेहरानला होती. जिभेनं तिखट. नातेवाईक म्हणायचे, ही पोटात असताना आईनं लोणच्याचं बरणीभर व्हिनेगर प्यायलं असावं.

"ताई, आत्याला सांगितलंस?"

"सांगते गं."

"कधी? ती दारात उभी राहिल्यावर? मी सांगू का? मला दोन वाक्यं लागतील."

"नको नको! तू बोललीस की ती जन्मभर धरून ठेवील. मागे तिच्या लोणच्याला खारट म्हणालीस ते अजून ऐकवते."

"खारटच होतं."

"असू दे. मी गोडीत सांगते."

"गोडीत!" फरंगीस म्हणाली. "तुझ्या गोडीचीच मला भीती वाटते."

तूबा आत्या ही बाबांची थोरली बहीण. लाहिजानला राहायची. देहानं आडवी, आवाजानं उभी. बाबांची आई वारल्यावर हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि लढाईवरून ते परतले तेव्हा अंगावरचे फोड तिनंच कोमट पाण्यानं पुसले होते. दर नवरोजला ती यायची. न येणं म्हणजे काय हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

सूदाबेनं फोन लावला. आधी आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग तिच्या मुलाची, शापूरची, मग कोंबड्यांची. मग घसा साफ केला.

"आत्या, यंदा तुम्ही कशाला एवढी तसदी घेता? हवा बरी नाही..."

"तसदी कसली, पोरी! भावाकडे यायला तसदी?"

"नाही, खरंच. रस्त्यात पण अडवतात म्हणे. आमच्यासाठी उगाच तुम्हाला त्रास..."

"शापूरचा मेव्हणा नाक्यावर आहे. कोण अडवतंय मला!"

"आत्या, पण बाबांची छाती... तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर, पण राहूच द्या यंदा."

आत्या खळखळून हसली. "अगदी आईवर गेलीस बघ. ती पण अशीच, तीनदा नको म्हटल्याशिवाय पेला हातात धरायची नाही."

झालं. सूदाबेनं तीनदा नको म्हटलं होतं आणि आत्यानं तीनदा ये ऐकलं होतं. यात आत्याची चूक म्हणावी तर तीही नाही. त्या मुलखात पहिला नकार हा नुसता सलाम असतो, दुसरा घरंदाजपणाची खूण, आणि तिसऱ्यावर माणूस जरा थबकतो, तेही समोरच्याच्या तोंडावर खरा नकार दिसला तर. सूदाबेच्या नकाराला तोंडच नव्हतं. नुसता झिरझिरीत बुरखा होता, आणि त्यातून तिचं मवाळ हसू दिसत होतं.

फरंगीसला तिनं सांगितलं, "झालं बोलून." ते खोटंही नव्हतं.

नवरोज उलटून दोन दिवस झाले. नवरोजसाठी मांडलेल्या ताटातले गव्हाचे हिरवे अंकुर वीतभर वाढले होते, निलीनं शेजारच्या भांड्यातल्या लाल माशाचं नाव ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळानं तो जिवंत आहे ना हे ती बघून यायची. कुणीही आलं नव्हतं. सूदाबेला पहिल्यांदाच वाटलं, बहुतेक निभावलं. तेवढ्यात घंटा वाजली. एकदा नाही, लागोपाठ, अंगठा न उचलता. अशी घंटा एकच माणूस वाजवायचं.

तिनं दार तळहाताएवढं उघडलं. जिन्यात तूबा आत्या उभी होती. चढून चढून लाल झालेली, एका हातात धुरावर वाळवलेला मासा, दुसऱ्या हातात घरी भाजलेल्या, अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड कलूच्यांचा डबा. तोंडावर काही नाही. डोक्यावरच्या ओढणीचं टोक तिनं नाकाला लावलं होतं, तेही सूदाबेला पाहून सोडून दिलं.

"उघड की गं नीट! मी काय कर घ्यायला आलेय?"

"आत्या... तुम्ही... अहो..." सूदाबेचा पाय दाराच्या मागे होता. तिनं तो तिथेच रोवून ठेवायचं ठरवलं होतं. रात्री पडल्या पडल्या तिनं वाक्यंही घोकून ठेवली होती. आत्या, आत येऊ नका. पाचही शब्द नाहीत ते, चारच. "आत्या, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन, पण डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप! मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलाय, मी काय परकी?"

"परक्या कशा? घर तुमचंच आहे. पण..."

"मग?"

सूदाबेनं 'पण'च्या पुढचं वाक्य जुळवायला घेतलं. आणि आतून, खोकल्यावर मात करून, बाबांचा आवाज आला. "कोण आहे? अक्का आली का? सूदाबे, माणसाला जिन्यात उभं ठेवतात होय? लाज आण जरा!"

तिचा पाय सरकला. कुणी ढकलला नाही. आपला आपणच सरकला.

मग जे व्हायचं ते झालं. आत्यानं तिचे दोन्ही गाल धरून तीन मुके घेतले. मग आत जाऊन भावाचं डोकं छातीशी दाबून धरलं, त्याच्या विरळ केसांवर ओठ टेकवले आणि म्हणाली, "वाळलास रे! ही पोरगी तुला उपाशी ठेवते की काय?" बाबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. निली तर कधीच आत्याच्या मांडीवर चढली होती. आत्यानं कलूचा दातांनी अर्धा तोडला आणि उरलेला अर्धा निलीच्या तोंडात दिला.

सूदाबेनं खिडकी उघडली.

"अगं गार वारा येतोय, लाव ती," आत्या म्हणाली.

आणि सूदाबेनं ती लावली. पुढे कितीतरी दिवस तिला हे आठवायचं. दाराचं एक वेळ समजू शकतो. पण खिडकी?

चहा पिता पिता आत्या बोलत होती. भाताची रोपं, सुनेचा आळस, शेजारणीची कोंबडी. मग खडीसाखर दाढेखाली धरून सहज म्हणाली, "परवा आमच्या शेजारच्या रहमतच्या आईच्या मयताला गेले होते ना, तिथेच थंडी बाधली वाटतं. घसा धरलाय मेला."

सूदाबेनं हातातलं तबक खाली ठेवलं. "रहमतची आई? कशानं गेली?"

"म्हातारपणानं. दम लागला, गेली. लोक काहीबाही बोलतात." आत्या खोकली. कोरडा, पोटातून न येणारा, नुसताच वरच्या वरचा खोकला. बाबांचा खोकला नव्हता तो. त्या घराला तो खोकला अनोळखी होता.

"बाबा, तुमची औषधाची वेळ झाली. आत चला."

"औषध काय पळून जातंय? अक्का काय रोज येते?"

ती संध्याकाळ होईपर्यंत बसली. जाताना पुन्हा सगळ्यांचे मुके घेतले.

दार लागल्याबरोबर सूदाबेनं पेले उकळत्या पाण्यात टाकले. गाद्यांना दाखवायला ऊन नव्हतं, रश्तमध्ये तेव्हा ऊन कुठलं, म्हणून तिनं त्या गरम इस्त्रीनं शेकल्या. निलीला न्हाऊ घातलं, पुन्हा न्हाऊ घातलं. "आई, मी घाण आहे का?" निलीनं विचारलं. सूदाबे तिला टॉवेलात गुंडाळून घट्ट धरून बसली आणि मग एकदम तिला दूर केलं. आपल्या गालांनाही आत्याचेच ओठ लागले होते.

फरंगीसला तिनं सांगितलं तेव्हा पलीकडून शिव्या येतील म्हणून तिनं फोन कानापासून लांब धरला होता. शिव्या आल्या नाहीत. 

"ताई," फरंगीस म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी अंधारात हाक मारायची तसा झाला होता. "आता मी सांगते तेवढं ऐक. बाबांना गॅलरीच्या खोलीत ठेव. तू आणि निली आत पाय टाकायचा नाही. ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरायचं. ते हाक मारतील. ते विनोद करतील. ते रुसतील. जायचं नाही."

"त्यांना वाटेल..."

"वाटू दे! वाटायला माणूस जिवंत तर राहिला पाहिजे!"

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. "पुन्हा पलटणीत भरती केलंस की मला," ते दाराआडून म्हणायचे. "शिपाई इस्कंदर हजर! आज मेसमध्ये काय?" ती दाराशी बाकला शेंगांच्या दाण्यांची लसणी आमटी आणि भात ठेवायची आणि मागे सरायची. मग दार उघडायचं, थरथरता हात बाहेर यायचा, ताट आत जायचं. त्या हाताकडे ती चोरासारखी बघायची. नखं निळी दिसतात का? कालच्यापेक्षा जास्त थरथरतो का?

आणि कान. सगळा जीव तिच्या कानांत येऊन बसला होता. दुसऱ्यांच्या घरी माणूस खोकला की कळतं, काहीतरी झालं. इथे माणूस वर्षानुवर्षं खोकतच होता. मग नवा खोकला जुन्यातून वेगळा कसा काढायचा? ती भांडी घासता घासता थांबायची. हा जुना. हा... हा कोरडा होता का? निली बाहुलीला थोपटायची थांबली तरी सूदाबे वळून बघायची. पोरीला काही वेगळं ऐकू आलं का?

एका सकाळी तिनं पाहिलं तर निली दारापाशी पालथी पडली होती. दाराच्या खालच्या फटीतून आजोबांचं एक बोट बाहेर आलं होतं आणि निली त्या बोटाशी गप्पा मारत होती. "हा सुरवंट आहे," ती म्हणाली. "सुरवंटाला भूक लागलीय." तिचे ओठ बोटाला लागणार तेवढ्यात सूदाबेनं तिला मागे खेचलं. इतक्या जोरात की पोरगी भेदरून टाहो फोडून रडायला लागली. फटीतलं बोट क्षणभर तसंच राहिलं. मग हळूच आत गेलं.

दाराआडून त्या दिवशी विनोद आला नाही.

त्यानंतर शापूरचा फोन आला. आईला दवाखान्यात नेलंय. जिन्याच्या दोन पायऱ्या चढवेनात तिला. आत कुणाला सोडत नाहीत. सूदाबेनं ते बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं, पण पातळ भिंतींचं घर ते. शिवाय शापूरनं मामाच्याही फोनवर फोन केलाच. मग दवाखान्यातूनच बाबांना फोन आला; कुणा भल्या परिचारिकेनं तो आत्याच्या कानाशी धरला होता. बाबांनी आवाज मोठा करून ठेवला असावा, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या सूदाबेला शब्द न् शब्द ऐकू आला.

"इस्कंदर."

"अक्का! मी येतो. आत्ता निघतो."

एक श्वास. मधे कितीतरी वेळ काही नाही. "नको... येऊस."

"असं कसं? तू तिथे एकटी..."

"बरी आहे मी. तुला... उगाच त्रास. नको येऊस, भावा."

फोन बंद झाला. आणि आत कपाटाचं दार करकरलं. बाबा कोट काढत होते.

सूदाबेनं निलीला आतल्या खोलीत चित्रांच्या पुस्तकासमोर बसवलं, तोंडावर मास्क बांधला आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. गॅलरीच्या खोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. कोट, वर दुकानात घालायची लोकरीची टोपी, हातात तिच्या लग्नात घेतलेले बूट. एवढ्याशा श्रमानं त्यांचे खांदे वरखाली होत होते.

"सरक, बेटा."

"बाबा, तुम्हाला आत कुणी सोडणार नाही."

"खिडकीतून बघीन. रस्त्यावरून हाक मारीन. सरक."

"त्या नको म्हणाल्या ना तुम्हाला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "नको म्हणाली?" ते हळू आवाजात बोलले. "सूदाबे, तूबा नको म्हणते तेव्हा काय म्हणत असते, हे मला शिकवतेस? माझा जन्म गेला तिच्या 'नको'त. ती तहानलेली असली तरी आधी नकोच म्हणेल. ती बोलावतेय मला. तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. त्या तुटक्या श्वासामध्ये काय होतं ते सूदाबेला दाराबाहेरूनही ऐकू आलं होतं. तुला त्रास नको म्हणजे ये रे लवकर. खोटं बोलायची सोय नव्हती.

"हो," ती म्हणाली. "बोलावतायत त्या."

"मग?"

"मग नाही. तुम्ही जायचं नाही."

बाबांना वाटलं, ही नेहमीसारखी पुढे काहीतरी बोलेल. जीव ओवाळेल, 'पण' म्हणेल, आणि त्या 'पण'मध्ये हात घालून दार उघडता येईल. ते थांबले. ती काही बोलली नाही.

"अगं, नुसतं जिन्यापर्यंत जातो. हवा खातो."

"नाही."

"मी तुझा बाप आहे! आजवर कधी..." आवाज चढला आणि तिथेच फाटला. खोकला आला, जुना का नवा ते ओळखायलाही तिला उसंत नव्हती. बाबा भिंतीला धरून खाली बसत चालले, ओठ जांभळे पडले. धावून त्यांना कवेत घ्यायला तिचे हात पुढे झाले होते. हेच हात, आत्याचे उष्टे पेले उचललेले. तिनं ते मागे घेतले, आत जाऊन प्राणवायूची नळी लांबवर ओढत आणली आणि हात ताणून त्यांच्याकडे सरकवली. "नाकाला लावा. बाबा, लावा. हळू घ्या. मी इथेच आहे."

त्यांनी लावली. यंत्र घुरघुरत राहिलं. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा ते कधी नव्हे अशा नजरेनं तिच्याकडे बघत होते. जणू दारात कुणी भलतीच बाई उभी आहे.

"बाबा, माझी अक्का आहे ती," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. मुलीला बाबा म्हणायची त्यांची लाडाची जुनी सवय. "एकुलती एक."

"नाही," सूदाबे म्हणाली. तिचे दात वाजत होते, पण शब्द शाबूत निघाला.

ते उठले. बूट हातात तसेच घेऊन आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

तूबा आत्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. तिला न्हाऊ घालायला घरची बाई नव्हती, खांदा द्यायला भाऊ नव्हता. शापूर लांब उभा राहून बघत होता. बाबांना ते सूदाबेनं दाराआडून सांगितलं.  ताट दाराशी ठेवलं ते तसंच राहिलं. "जेवा ना बाबा," ती म्हणाली. दुपारी ताट आत गेलं, पण बाबा तिच्याशी बोलले नाहीत. तिला वाटलं, हेही चालेल. न बोलणाऱ्या माणसालाही श्वास घ्यावा लागतो, आणि तो तिला ऐकू येत होता.

सांजेच्या सुमाराला गल्लीत माणसं जमली. चहाच्या दुकानातली गिऱ्हाइकं, मासेवाले, हाजी. कुणाच्या हातात हलव्याचं ताट, कुणाच्या हातात खजूर. मास्तरीणबाई खिडकीतून ओरडत होत्या, "लांब उभे राहा! अक्कल गहाण ठेवलीय का?" पण दुःखाच्या घरी जायचं नाही हे त्या माणसांना कसं पटावं? खालचं दार उघडल्याचा आवाज झाला.  बापाला एकदा नको म्हणताना सगळं सरलं होतं. आता या दहाजणांना कसं म्हणायचं?

तेवढ्यात गॅलरीचं दार उघडलं.

"वर येऊ नका!" बाबांचा आवाज होता.

खाली सगळे थबकले. मग नेहमीचं सुरू झालं. "असं कसं, इस्कंदर काका? दोन मिनिटं. अक्कांसाठी फातिहाची प्रार्थना म्हणतो आणि जातो."

"नको."

"तुम्ही एकटे दुःखात आणि आम्ही खालून बघायचं? नुसतं जिन्यात उभे राहतो."

"नको म्हटलं ना!" बाबा ओरडले. ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं तो माणूस कठड्याला धरून ओरडत होता. "खरंच नको म्हणतोय! माझ्या मेलेल्या बहिणीची शपथ, कुणी पायरी चढू नका! घरात लेकरू आहे!"

मग खोकला, आणि त्या खोकल्याखाली अशी शांतता की कौलांवरचं पाणी ऐकू यावं. खालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं हलव्याचं ताट पायरीवर ठेवलं. ती सगळी रस्त्यावर पांगून, एकमेकांपासून हातभर लांब, डोकी खाली घालून पुटपुटली, आणि गेली.

सूदाबे बाबांच्या खोलीच्या दाराशी आली. "बाबा?"

 मग अगदी जवळून, लाकडाच्या पलीकडून आवाज आला. ते दाराला टेकून बसले असावेत.

"ती वाट बघत होती गं माझी."

"हो, बाबा."

"आणि तू जाऊ दिलं नाहीस."

"नाही."

आत यंत्र घुरघुरलं. बाबांनी एक श्वास घेतला, मग दुसरा, जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा.

"सूदाबे, मला भीती वाटते," ते म्हणाले. "तेव्हापासून वाटते. लढाईत त्या दलदलीत वायू आला तेव्हापासून. हसलो नसतो तर कधीच मेलो असतो भीतीनं."

तिनं कडीवर हात ठेवला. त्यांनी आतून कडी काढल्याचा आवाज तिनं आत्ताच ऐकला होता. जरा ढकललं असतं तर दार उघडलं असतं. "आत येऊ का? बाबा? जरा वेळ?"

"नको येऊस."

तिला कळेना. तिनं त्या शब्दावर कान ठेवून पाहिला, जसा इतके दिवस खोकल्यावर ठेवत होती. हे ये होतं की नको होतं? बाबांनाही कदाचित ठाऊक नसावं. आतल्या खोलीतून निलीनं हाक मारली, "आई, सुरवंट जेवला का?"

"जेवला गं, राणी," सूदाबे म्हणाली. तिनं कडीवरचा हात काढला आणि दाराला पाठ टेकून तिथेच खाली बसली.